पन्नास अग्रणींची यादी: सायटेशनवरून अभ्यासकांचा क्रम लावण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भाषाविज्ञानातल्या एका आंतरराष्ट्रीय विद्वत्संस्थेनं काही वर्षांपूर्वी सहा जणांची समिती नेमली आणि एकच काम सोपवलं: या विषयातल्या ५० अग्रणी अभ्यासकांची यादी करा. पाच जण भाषावैज्ञानिक होते, सहावी मी. माझं काम संशोधन-माहितीचं. कोणता पेपर कुठे नोंदला जातो, त्याचा संदर्भ कोण देतं आणि त्या नोंदींत घोळ कुठे होतात, हे मी पाहते. संस्था, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

याआधी असली नावं ओळखीतून ठरत. बीजभाषणाला कोणाला बोलवायचं, संदर्भग्रंथाच्या सल्लागार मंडळावर कोणाला घ्यायचं, हे चार-पाच ज्येष्ठ मंडळी आपसांत ठरवायची आणि फिरून फिरून तीच नावं यायची. ज्यांचं विद्यापीठ छोटं, ज्यांचे गुरू नामांकित नाहीत, त्यांना शिरकाव नव्हता. ही तक्रार खरी होती आणि आकड्यांची मागणी तरुण सदस्यांकडूनच आली होती. पुढे जे बिनसलं ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं, की आकड्यांकडे आम्ही न्यायाच्या ओढीनं वळलो होतो.

यादी नेमकी कशासाठी, याची मात्र तीन उत्तरं होती. अध्यक्षांना बीजभाषणासाठी वक्ते हवे होते. संपादकांना एका ग्रंथमालेसाठी सल्लागार हवे होते. कार्यकारिणीतल्या काहींना विषयाची मान उंचावेल असं काहीतरी जाहीर करायचं होतं. तीन कामांना तीन वेगळ्या याद्या लागतात, हे पहिल्या बैठकीत कोणीच बोललं नाही. मीही नाही.

पहिला मसुदा

सायटेशन, म्हणजे एका पेपरानं दुसऱ्याचा दिलेला संदर्भ, मोजण्याची पद्धत मुळात माणसांची रांग लावायला निघाली नव्हती. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली ती साहित्य शोधण्यासाठी. एखाद्या जुन्या पेपरचा पुढे कोणी कोणी आधार घेतला हे कळलं, तर विचाराचा माग काढता येतो. १९६४ मध्ये त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. २००४ मध्ये सायटेशन मोजणारा स्कोपस हा डेटाबेस आणि गूगल स्कॉलर हे शोधयंत्र आले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला आणि एका माणसाची सगळी कारकीर्द एका आकड्यात बसवण्याची सोय झाली.

एच-इंडेक्स समजायला सोपा आहे, म्हणूनच तो पसरला. दहा पेपर आहेत आणि प्रत्येकाला किमान दहा सायटेशन आहेत, तर एच-इंडेक्स १०. आता दोन अभ्यासक घ्या. पहिलीचे दहा पेपर, प्रत्येकाला दहा सायटेशन: एकूण १००, एच-इंडेक्स १०. दुसऱ्याचे पाचच पेपर, पण प्रत्येकाला २००: एकूण १०००, एच-इंडेक्स ५. अग्रणी कोण? आकडा उत्तर देतो, पण त्या उत्तरात एक मत आधीच दडलेलं असतं: सातत्यानं मध्यम दखल घेतली जाणं हे थोड्याच कामांची खोलवर दखल घेतली जाण्यापेक्षा मोठं. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस लिहायचा थांबला तरी तो वाढू शकतो. हिर्श यांनी स्वतः कारकिर्दीच्या वर्षांनी भागायचा पर्याय त्याच पेपरात दिला होता, पण तो भाग फारसा कोणी वापरत नाही.

आम्ही सर्वांत जवळचा रस्ता धरला. गूगल स्कॉलरवर अभ्यासक आपलं प्रोफाइल स्वतः उघडतात आणि विषयाची लेबलंही स्वतःच लावतात. भाषाविज्ञानाचं लेबल घेतलं, सायटेशनच्या उतरत्या क्रमानं नावं काढली, एच-इंडेक्स जोडला, वरची ५० ठेवली. आठवडाभरात तक्ता तयार. मी त्यावर ‘अंतर्गत मसुदा’ लिहिलं आणि नजर टाकावी म्हणून कार्यकारिणीला मेलनं पाठवला. आकडे साफ करण्याआधी पाठवला. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती माझी.

अडचण

पहिल्या दहा जागांवर बहुतेक संगणकीय भाषाविज्ञानातले आणि मनोभाषाविज्ञानातले लोक होते. त्यांचं काम मोठं आहे, त्यात वाद नाही. पण संगणकीय शाखेत माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरात संदर्भांची यादी लांब, आणि परिषदांमुळे सगळं महिन्या-महिन्यात छापून येतं. २०१९ च्या एका परिषदेत आलेल्या बर्ट या भाषा-मॉडेलच्या पेपराला गूगल स्कॉलरवर लाखाच्या वर सायटेशन आहेत. एखाद्या भाषेच्या स्वरव्यवस्थेवरचा उत्तम लेख ४० सायटेशनपर्यंत पोहोचला, तर त्या शाखेत तो गाजला असं धरतात. दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजायचं, तर निकाल मोजण्याआधीच लागलेला असतो.

साधनांचा प्रश्न वेगळाच. २०१५ मध्ये एलएमई४ या सांख्यिकी पॅकेजवर एक पेपर आला. मनोभाषाविज्ञानातला प्रयोग करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा संदर्भ देतो, कारण आकडेमोड त्या पॅकेजनं केलेली असते. जीवरसायनशास्त्रात प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर असाच तीन लाखांच्या वर गेला. ही उपयोगाची पावती आहे आणि ती मिळायलाच हवी, पण ‘विषयाला दिशा कोणी दिली’ या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

मग नवव्या क्रमांकाचं नाव आलं. समितीतले एक ध्वनिविज्ञानाचे अभ्यासक म्हणाले, “यांना मी ओळखतो, यांचं काम चांगलं आहे, पण नववा क्रमांक?” मी प्रोफाइल उघडून पेपर एकेक करून वाचायला बसले. वरचे सात पेपर दातांच्या कृत्रिम मुळांवर होते. आठवा व्यंजनांच्या उच्चारकाळावर. त्याखाली भाताच्या रोपांवरचे तीन. आडनाव एक, आद्याक्षर एक, माणसं तीन. प्रणालीनं आपोआप जोडलेले पेपर त्या अभ्यासकानं कधी तपासले नव्हते, आणि त्यात त्याचा काही डावही नव्हता. ओळख-क्रमांक देणारी ऑर्किडची सोय २०१२ पासून आहे, पण त्यानं ती घेतली नव्हती. फक्त त्याचे पेपर ठेवल्यावर तो पहिल्या २०० मध्येही राहिला नाही. त्या दिवशी मी बाकीची ४९ नावं हातानं तपासायला घेतली. दोन आठवडे गेले.

यादीत नसलेलं नाव

पण जास्त त्रास दिला तो यादीत नसलेल्या एका नावानं.

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “आणि त्या कुठे आहेत?” ज्यांच्याबद्दल विचारलं त्या अभ्यासिकेनं थोड्याच लोकांच्या तोंडी उरलेल्या एका भाषेचं संपूर्ण व्याकरण लिहिलं होतं. जवळपास वीस वर्षं त्या लोकांत जाऊन-येऊन राहिल्या, कथा ध्वनिमुद्रित केल्या, शब्दकोश केला, मग ८०० पानी व्याकरण. त्यांचं गूगल स्कॉलरवर प्रोफाइलच नव्हतं. म्हणजे आमच्या पद्धतीत त्यांना शून्यसुद्धा मिळालं नव्हतं. त्या मोजणीत आल्याच नव्हत्या.

मी त्यांचं काम हातानं शोधलं. व्याकरणाचा संदर्भ चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला सापडला: एका ठिकाणी भाषेच्या नावाचं जुनं स्पेलिंग, एका ठिकाणी वर्ष चुकलेलं, एका ठिकाणी प्रकाशनाऐवजी प्रबंधाचं शीर्षक. चार सुटे तुकडे, प्रत्येकाला थोडी-थोडी सायटेशन. स्कोपसमध्ये त्यांचा एकच लेख दिसत होता.

आणि त्याहून खोल एक गोष्ट हाती लागली. भाषांच्या रचनांची तुलना करणारे अभ्यासक ‘वर्ल्ड अॅटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ नेहमी वापरतात. २००५ मध्ये आलेल्या या संग्रहात अडीच हजारांहून जास्त भाषांची माहिती आहे. ती आली कुठून? एकेका माणसानं एकेका भाषेवर लिहिलेल्या व्याकरणांतून. पण पुढचा संशोधक आपल्या पेपरात संग्रहाचा संदर्भ देतो, मूळ व्याकरणाचा बहुतेक वेळा देत नाही. २०० भाषांची तुलना करणाऱ्या पेपरात २०० व्याकरणांची यादी द्यायला संदर्भसूचीत जागा कुठून आणायची? श्रम जिथे झाले तिथून श्रेय उठतं आणि संकलनाच्या नावावर जमा होतं. ज्या कामावर अख्खी एक शाखा उभी आहे, ते काम सायटेशनच्या नजरेला दिसत नाही. हे मला माझ्या धंद्यातल्या इतक्या वर्षांत इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या बैठकीला पाच पर्याय मांडले.

पहिला, हीच यादी साफ करून छापायची. अध्यक्षांचा कल तिकडे होता: “काहीच परिपूर्ण नसतं.”

दुसरा, मिश्र गुणांक. जॉन इओनीडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुमारे एक लाख शास्त्रज्ञांची सायटेशन-सूची प्रसिद्ध केली. तिच्यात सहा निकष एकत्र घेतले आहेत: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांचा विचार करून काढलेला त्याचाच सुधारित प्रकार, आणि एकट्यानं, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्या पेपरांची सायटेशन. स्वतःच स्वतःचा संदर्भ किती दिला, तेही तिथे वेगळं दिसतं. हे पहिल्यापेक्षा खूप बरं होतं. पण शेवटच्या लेखकाचं महत्त्व ही प्रयोगशाळांची रीत आहे. तिथे शेवटचं नाव प्रमुखाचं असतं. आमच्या विषयाच्या निम्म्या शाखांत शेवटच्या नावाला असा काही अर्थ नाही.

तिसरा, शाखेनुसार समायोजन. २००८ चा पेपर त्याच शाखेतल्या २००८ च्या पेपरांशीच ताडायचा, आणि तो वरच्या दहा टक्क्यांत बसतो का ते बघायचं. पाच लेखक असतील तर प्रत्येकाला एक पंचमांश श्रेय. तंत्र म्हणून मला हाच सर्वांत आवडतो. अडचण ‘शाखा’ या शब्दात आहे. स्कोपसच्या वर्गवारीत भाषाविज्ञानाची दोन खाती आहेत: मानव्यविद्यांखाली क्रमांक १२०३ आणि सामाजिक शास्त्रांखाली क्रमांक ३३१०. संगणकीय पेपर बऱ्याच वेळा संगणकशास्त्राच्या खात्यात जातात आणि पुस्तकं पुष्कळदा कुठेच दिसत नाहीत. विषयाची हद्द कोणती, हे आपण ठरवण्याआधीच डेटाबेसनं ठरवून टाकलेलं असतं.

चौथा, आकडे सोडून नामांकनं मागवायची. म्हणजे परत ओळखीपाशी येणं. यावर तरुण सदस्य उसळले, आणि त्यांचं चूक नव्हतं.

पाचवा, दोन्ही वापरायचे पण क्रम लावायचा नाही.

चर्चेत एक मुद्दा निघाला तो इथे नोंदवायलाच हवा: संदर्भ म्हणजे मान्यता नव्हे. १९९२ मध्ये कला आणि मानव्यविद्यांच्या सायटेशन इंडेक्सवरून एक गणती प्रसिद्ध झाली. १९८० ते १९९२ या काळात सर्वाधिक उद्धृत हयात लेखक होते नोम चॉम्स्की, आणि एकूणात आठवे. त्यांच्यापुढे मार्क्स, लेनिन, शेक्सपिअर, अॅरिस्टॉटल, बायबल, प्लेटो आणि फ्रॉइड. आमच्या विषयात चॉम्स्कींना खोडून काढायला लिहिलेला प्रत्येक पेपरही त्यांचा संदर्भ देतो, आणि त्यांचे राजकीय लेख वाचणाऱ्यांचे संदर्भ त्यातच मिसळतात. ते विषयाच्या केंद्रस्थानी होते यात शंका नाही. पण हा आकडा कशाची बेरीज आहे, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

दरम्यान आलेलं पत्र

बैठकीनंतर निर्णय व्हायचाच होता, तेवढ्यात मला एक मेल आला. व्याकरण लिहिणाऱ्या त्याच अभ्यासिकेचा. मोजून पाच ओळींचा. त्यांच्या विभागात त्यांच्या बढतीची फाइल चालू होती. आमच्या कार्यकारिणीतल्या कोणाकडून तरी मसुदा त्या विभागात पोहोचला होता आणि फाइलला जोडला गेला होता. शेजारी टिपण होतं: ‘विषयातल्या पहिल्या ५० मध्ये नाव नाही.’ त्यांनी विचारलं होतं, यादी कशी केली ते कळेल का, आणि तिच्यात पुस्तकं धरली आहेत का.

मी खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या माणसांना दार उघडायला आम्ही निघालो होतो, त्यांच्यातल्याच एकीच्या तोंडावर आमच्या तक्त्यानं दार लावलं होतं. ‘अंतर्गत’ हा शब्द पहिल्या पानावर होता. जोडलं होतं दुसरं पान.

काय केलं

त्याच दिवशी त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं: स्रोत कोणता, तारीख कोणती, प्रोफाइल नसलेले लोक वगळले गेले, पुस्तकं वेगळी धरली नव्हती, तपासणी झाली नव्हती. हे विभागाला दाखवायची परवानगीही दिली. संस्थेनं विभागाला अधिकृत पत्र पाठवलं, की हा मसुदा मागे घेतला आहे आणि नेमणूक किंवा बढतीसाठी वापरू नये. कार्यकारिणीला मसुदा नष्ट करायला सांगितलं. अर्थात, मेलनं गेलेला तक्ता परत येत नसतो.

मग पाचवा पर्याय घेतला आणि पद्धत नव्यानं बांधली. आधी हेतू लिहून काढला: यादी फक्त वक्ते आणि सल्लागार सुचवण्यासाठी आहे. विषयाचे सात भाग केले आणि प्रत्येक भागाच्या अभ्यासकांनाच विचारलं, तुमच्यात महत्त्वाचं काम कशाच्या रूपात बाहेर येतं: लेख, ग्रंथ, कोश, ध्वनिमुद्रणांचा संग्रह की सॉफ्टवेअर. आकडे वापरले ते चाळणीसारखे नव्हे, जाळ्यासारखे. नामांकनातून जी नावं आली नाहीत, पण शाखेनुसार समायोजित आकड्यांत सातत्यानं वर दिसतात, ती शोधून चर्चेला आणायची. आकडा कमी म्हणून कोणालाही काढायचं नाही.

प्रत्येक अभ्यासकाला त्याची नोंद तपासायला पाठवली. संशोधन-मूल्यमापनाबद्दल २०१५ मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांत हे एक तत्त्व आहेच. आधी पाळलं असतं तर दातांचे पेपर पहिल्याच आठवड्यात निघाले असते. खोट्या अचूकतेचा इशाराही त्यात आहे. तो आम्हांला प्रत्यक्ष दिसला: स्रोत बदलला आणि स्वतःची सायटेशन वगळली, की यादीच्या मधली नावं दहा-पंधरा जागा वर-खाली व्हायची. तेविसावा आणि चोविसावा यांच्यात फरक आहे असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

निष्पत्ती

शेवटी ५० ऐवजी ६४ नावं आली. सात भागांत, वर्णानुक्रमानं, प्रत्येकाच्या कामाबद्दल एक परिच्छेद. आकडे खाली, ढोबळ गटांत, स्रोत आणि तारखेसह. तीन वर्षांनी यादी बाद, हे वरच छापलं. नऊ नावं अशी होती जी कोणीही सुचवली नव्हती, फक्त आकड्यांमुळे पुढे आली, आणि समितीनं काम वाचून ती स्वीकारली. त्यातल्या तिघांची बीजभाषणं झाली. तरुण सदस्यांची मूळ मागणी एवढ्यापुरती तरी पुरी झाली, आणि मला ती या कामातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

अध्यक्ष नाराज होते. ‘पहिला कोण’ हे नसलेल्या यादीची बातमी होत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. कामाला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. परिच्छेद लिहिणारे स्वयंसेवक दमले. दोन भागांतले परिच्छेद उघडच घाईत लिहिलेले आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या बैठकीत एकच प्रश्न घेईन: या यादीवरून कोण कोणता निर्णय घेणार? उत्तर मिळेपर्यंत एकही आकडा काढणार नाही. आम्हांला डेटाबेस निवडणं हे तांत्रिक काम वाटलं, म्हणून ते माझ्यावर सोडलं गेलं. खरं तर विषयात कोण मोडतं आणि कोण नाही, हा सर्वांत मोठा निर्णय त्याच क्षणी झाला होता, आणि तो समितीनं घ्यायचा होता.

न तपासलेल्या तक्त्यात क्रमांकाचा रकाना ठेवणार नाही. नावं आद्याक्षरानं लावली असती तर ‘पहिल्या ५० मध्ये नाही’ हे वाक्य लिहिणं इतकं सोपं गेलं नसतं. प्रत्येक पानावर मर्यादा छापेन, फक्त पहिल्यावर नाही. आणि आकड्यांना न दिसणाऱ्या कामाची, व्याकरणं, कोश, संग्रह यांची यादी आधी करायला सांगेन, मग आकड्यांकडे वळेन. ज्यांची व्याकरणं तुलनात्मक संग्रहांत वापरली गेली, त्यांचे मूळ संदर्भ तिथून उलटे शोधून काढता येतात. कष्टाचं काम आहे, पण होतं. आम्ही १२ अभ्यासकांसाठी ते केलं.

त्या १२ जणांत व्याकरण लिहिणाऱ्या त्या अभ्यासिका होत्या. यादीत क्षेत्रभाषाविज्ञानाच्या भागात त्यांचं नाव आहे. तपासायला पाठवलेल्या नोंदीत त्यांनी तीन दुरुस्त्या सुचवल्या: भाषेच्या नावाचं आज ते लोक वापरतात ते स्पेलिंग, ग्रंथाचं बरोबर वर्ष, आणि कथा सांगणाऱ्या दोन वृद्धांची नावं, जी त्यांना आपल्या नावाशेजारी हवी होती. तिन्ही केल्या. विभागाची बैठक मात्र आमचं पत्र पोहोचण्याच्या आदल्या आठवड्यात होऊन गेली होती, आणि त्या वर्षी त्यांची बढती झाली नाही.